चाचणीचा ‘प्रायोजक : विद्यापीठ’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : हिरड्यांच्या आजारावरील एका चाचणीत सहभागी होण्याविषयी मला विचारणा झाली आहे. माहितीपत्रकात प्रायोजक म्हणून विद्यापीठाचे नाव आहे. याचा अर्थ खर्च विद्यापीठ करते, एवढाच आहे का? शिवाय तोंडाच्या दोन बाजूंना वेगवेगळे उपचार कशासाठी?

उत्तर १ : प्रायोजक म्हणजे केवळ पैसे देणारा नव्हे. चाचणीची आखणी, सहभागींची सुरक्षितता आणि नोंदींची अचूकता यांची अंतिम जबाबदारी त्याच्यावर असते. निधी मात्र सरकारकडून किंवा औषध कंपनीकडूनही आलेला असू शकतो, म्हणून तो कोणाचा आहे हे वेगळे विचारावे. नैतिकता समितीची (सहभागींच्या हिताच्या दृष्टीने चाचणी तपासणाऱ्या समितीची) मान्यताही विद्यापीठाच्या नावावरून गृहीत धरू नये.

उत्तर २ : दोन माणसांची लाळ, आहार, दात घासण्याची सवय सारखी नसते. एकाच तोंडात तुलना केली की हा फरक बराचसा गळून पडतो आणि कमी सहभागी पुरतात. कोणत्या बाजूला कोणता उपचार, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरते. पद्धत चतुर आहे, पण सर्वत्र चालत नाही : उदाहरणार्थ, एका बाजूच्या दातांना लावलेले फ्लोराइड लाळेतून पलीकडच्या बाजूलाही पोहोचते, त्यामुळे तेथे सहभागींचे स्वतंत्र गट करणेच योग्य.

उत्तर ३ : संमतिपत्रावर सही केल्यानंतरही, कारण न देता, केव्हाही बाहेर पडता येते, माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही हे तत्त्व आहे. इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे सहीपूर्वी लेखी मागावे.