रंगवलेल्या भिंतींवरून अंगणवाडी ठरवू नका
नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या अंगणवाड्या सरस आणि सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मागे, असा निष्कर्ष कुणी नुसत्या इमारतींवरून काढलाय. मला तो पटत नाही. सुरगाणा-पेठमध्ये पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओहोळ भरला की तीन वर्षांचं पोर येणार कसं? तिथे हजेरी कमी दिसली तर दोष सेविकेचा नव्हे. शिवाय तिच्याकडे नुसती बडबडगीतं नाहीत. गरम ताजा आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाला मदत, गरोदर मातांच्या गृहभेटी, सगळं तिच्याच डोक्यावर. आदिवासी भागात गरोदर-स्तनदा माता आणि लहान मुलांना आहार देणारी अमृत आहार योजनाही आहे.

माझ्या मुलीसाठी बघत होते तेव्हा मी न सांगता जाऊन तासभर बसायचे. खेळणी कपाटात कुलपात आहेत की पोरांच्या हातात? सेविका मुलांना नावानं हाक मारते का? पिण्याचं पाणी कुठून येतं? एके ठिकाणी भिंतींवर सुंदर चित्रं होती, पण मुलं हाताची घडी घालून गप्प बसलेली. तिथे मी तिला नाही घातलं.

तालुक्यांची तुलना करायचीच तर साधारण सारख्यांची करा: निफाडची सिन्नरशी, सुरगाण्याची पेठशी.