टेनिसनच्या राजकन्येची गाणी बायकांच्या वृंदानेच गावीत

काळी_चार (मूळ धागा)

आमच्या बायकांच्या गायनवृंदात सध्या इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्टची पाच गाणी बसवणं चाललंय. शब्द इंग्रज कवी टेनिसनचे, 'द प्रिन्सेस' या दीर्घकाव्यातले. होल्स्टने १९०५ साली ती फक्त स्त्री-आवाजांसाठी रचली. परवा तालमीनंतर एक मैत्रीण म्हणाली, "प्रियकराच्या तोंडची गाणी आपण तीस बायकांनी मिळून का म्हणायची? एकट्या पुरुषाने गावीत अशी आहेत ती." मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या मते ही गाणी मुळात बायकांच्याच घरातली आहेत.

काव्य १८४७चं. राजकन्या आयडा लग्न नाकारून बायकांसाठी विद्यापीठ काढते. पुरुषाने आत पाऊल टाकलं तर देहदंड. लहानपणीच तिच्याशी ज्याचं लग्न ठरलं होतं तो राजपुत्र दोन मित्रांना घेऊन बाईच्या वेषात आत शिरतो. पुढे लढाई होते, तो जबर जखमी होतो आणि आयडाच त्याची शुश्रूषा करते. 'नाऊ स्लीप्स द क्रिम्झन पेटल' ही कविता त्या रात्रीची. ती त्याच्या उशाशी बसून हलक्या आवाजात वाचते, तो पडल्या पडल्या ऐकतो. म्हणजे या ओळी काव्यात पहिल्यांदा उच्चारते ती बाई! पुढे रॉजर क्विल्टर या संगीतकाराची चाल लोकप्रिय झाली, बैठकीच्या खोलीत पियानोपाशी उभं राहून पुरुष ती गाऊ लागले, आणि आयडा विसरली गेली.

आपल्याकडच्यांना आणखी एक गंमत कळेल. या कवितेची पाचही कडवी 'मी' (इंग्रजी me) या एकाच शब्दावर संपतात. काफिया (यमक) नाही, पण रदीफ (शेवटी जसाच्या तसा परतणारा शब्द) स्पष्ट आहे. माधव जूलियनांपासून आपण मराठीत गझल वाचतोय, त्यामुळे तो शब्द परत येताना कानाला आधीच चाहूल लागते. तीन थरांतले आवाज पाचव्यांदा त्या शब्दावर येऊन टेकतात, तेव्हा मला दर वेळी भरून येतं.

पिंपळपान

ताई, गाणी सुंदर आहेत, वाद नाही. पण तुम्ही गोष्टीचा शेवट सांगितला नाहीत. शेवटी आयडा हरते. ती राजपुत्राची होते, आणि 'स्त्री-पुरुष एकमेकांना पूरक' असं लांबलचक भाषण तोच देतो. सर्गांच्या मधली गाणी टेनिसनने नंतर, १८५०च्या आवृत्तीत घातली, आणि त्यांत वारंवार येतं ते मूल, अंगाई, घर. तुमचं पहिलं गाणं 'स्वीट अँड लो' त्यातलंच. आयडाचा युक्तिवाद ज्या गोडव्याने मोडून काढला, तो गोडवा म्हणजे ही गाणी. आणि होल्स्ट हा मुलींच्या शाळांत शिकवणारा माणूस. शिकायला आलेल्या मुलींच्या तोंडी नेमकं हेच द्यायचं?

काळही बघा. हे काव्य आलं त्यानंतर काही महिन्यांत, १८४८ साली, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज सुरू झालं आणि पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई शिकवू लागल्या. आयडाच्या विद्यापीठासारखी त्यांची शाळा शेवटी इस्पितळ होऊन संपली नाही.

व्हिक्टोरियन कविताच हवी तर बायकांची घ्या. कवयित्री क्रिस्टिना रोझेटीच्या 'साउंड स्लीप'ला संगीतकार व्हॉन विल्यम्सने १९०३ साली स्त्रीवृंदासाठीच चाल लावली. संगीतकार एल्गारचं 'द स्नो' १८९४चं, दोन व्हायोलिन आणि पियानोसह, शब्द त्याच्या बायकोचे, अ‍ॅलिसचे.

ओवीबद्ध

माझा आक्षेप वेगळा आहे. बाई की पुरुष हा मुद्दाच नाही, प्रश्न वृंदाचा आहे. 'टीअर्स, आयडल टीअर्स'मध्ये यमक नाही. कडव्याच्या शेवटी 'ते दिवस आता नाहीत' एवढं परत येतं, बाकी सगळं ओळीच्या श्वासावर तोललेलं. हा श्वास एका माणसाचा असतो. तिथे तीस जणी वाक्याच्या मध्ये आळीपाळीने श्वास घेतात, सोप्रानोचा (उंच आवाजांचा) शब्द संपायच्या आत आल्टो (खालचे आवाज) पुढचा सुरू करतात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती उरतो नुसता नाद. मूळ काव्यातही ते एकच मुलगी हार्पवर गाते. भावगीतात शब्द जपायचा हे आपण लहानपणापासून शिकलो, मग इंग्रजी कवितेच्या बाबतीत ते का सोडायचं?

सरगम_७२

ओवीबद्ध, 'टीअर्स'पुरतं मान्य. पण सगळीकडे हे लागू होत नाही. 'द स्प्लेंडर फॉल्स' घ्या. टेनिसन १८४८ साली आयर्लंडमधल्या किलार्नीला गेला होता. तिथल्या तळ्यावर वाजवलेल्या बिगुलाचे पडसाद त्याने ऐकले आणि त्यातून ही कविता झाली. ध्रुपदात 'विरत, विरत, विरत' असं तीनदा येतं. पडसाद एकट्याने कसा म्हणायचा? तिथे वृंदच हवा.

काळी_चार

पिंपळपान, शेवट मी टाळला हे खरं, आणि तो मलाही आवडत नाही. पण गाण्यांनी आयडाला हरवलं, हे मला मान्य नाही. आमचं चौथं गाणं 'ओ स्वॉलो, स्वॉलो' बघा. वेषांतर केलेला राजपुत्र हे बायकांचा आवाज काढून गातो. ऐकणाऱ्या मुली डोळे मोठे करून एकमेकींकडे बघतात आणि हसतात, कारण त्याचा आवाज खोटा वाटतो. (बालगंधर्वांवर जीव टाकलेल्या घराण्यातली मी, मला तो प्रसंग वाचताना फार विचित्र वाटलं होतं.) मग आयडा त्याला सुनावते: बुलबुला, गुलिस्तानचा एकही गुलाब तुझ्यासाठी उमलायचा नाही, दलदलीतले पक्षी तुला बहीण म्हणतील. आणि असली नुसती प्रेमगीतं आम्ही फार मोलाची मानत नाही, हेही. गाण्याची इतकी चोख समीक्षा करणारी नायिका आहे ती.

जे गाणं पुरुषाला बायकांच्या आवाजात जमलं नाही, ते होल्स्टने खऱ्या बायकांना दिलं. मला यात त्याची समज दिसते. याच माणसाने संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली आणि १९१०मध्ये त्यांतली काही स्त्रीवृंद आणि हार्पसाठी बांधली. मुलींच्या आवाजाला अंगाईपुरतं ठेवणारा तो नव्हता.

पिंपळपान

आयडाचं ते बोलणं मी विसरलो होतो, बरं झालं आठवण दिलीत. पण तुमच्या श्रोत्यांना ते कळणार कसं? होल्स्टच्या पानांवर पाच गाणी आहेत, आयडाचं उत्तर कुठे आहे? सभागृहात बसलेल्याला ऐकू येणार ती प्रेमगीतं आणि अंगाईच. माझा आक्षेप तिथेच आहे, आणि तो अजून उभा आहे.

काळी_चार

हे मात्र बिनतोड. मग चौथ्या गाण्यानंतर आमच्यातल्या एकीने पुढे येऊन आयडाच्या त्या ओळी नुसत्या वाचाव्यात, सुराशिवाय. आणि पाचव्या, 'नाऊ स्लीप्स'च्या आधी दोन वाक्यांत सांगावं की रात्र आहे, तो जखमी आहे, आणि वाचते आहे ती. गुरुवारच्या तालमीत हे मांडते. ओवीबद्ध, 'टीअर्स'चं पहिलं कडवं एकटीला देता येईल का, तेही विचारते.

ओवीबद्ध

एकटीला द्याल तर सोप्रानोला देऊ नका. आल्टोतल्या एखादीला द्या, खालच्या पट्टीत शब्द स्वच्छ येतील.