फुल कॉन्टॅक्ट कुमितेसाठी हेल्मेट: पॉइंटचा मास्क चालेल का?

डोजो_गोदाकाठ:
नमस्कार. वर्गात १६ ते २२ वयाची १२ मुलं-मुली आहेत. सगळ्यांची तयारी पॉइंट कुमितेची, म्हणजे ठोसा आवरून गुण मिळवायच्या कराटे लढतीची. त्यातल्या आठ जणांना आता कुडो या पूर्ण ताकदीच्या जपानी लढतीच्या खेळात उतरायचं आहे, म्हणजे तोंडावर ठोसा, कोपर, गुडघा, फेक, सगळंच आलं. काही अडचणी आहेत.

पॉइंटचे पारदर्शक मास्क सहा आहेत, सरावापुरते ते चालतील का? नवी हेल्मेट चारच घेता येतील, मग आठ जणांत ती फिरवायची कशी आणि मापं कोणती घ्यायची? काचेवर वाफ धरते त्यावर काय करायचं? आणि स्पर्धेला सहा आठवडे आहेत, तेवढे पुरतील का? हातात काय घालायचं हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

तातामी:
सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, चालणार नाहीत. पॉइंटचा मास्क आवरता घेतलेला ठोसा चुकून लागला तर नाक-दात वाचावेत एवढ्यासाठी बनवलेला असतो. वजनाला हलका, गालाशी पातळ पॅडिंग, मागे इलॅस्टिकचे पट्टे. पूर्ण ताकदीचा हुक (बाजूने फिरवलेला ठोसा) बसला की तो चेहऱ्यावरच फिरतो आणि त्याची कड भुवईवर किंवा गालाच्या हाडावर येते. म्हणजे जिथे साधी सूज आली असती तिथे टाके पडतात. ते सहा मास्क पॉइंटसाठीच ठेवा.

चेहरा झाकून खरा ठोसा मारायचा हा विचार कराटेच्या जगात जुना आहे. मुनेओमी सावायामा यांनी १९३२ साली ओसाकात निप्पॉन केम्पो हा लढतीचा प्रकार सुरू केला, त्यात तोंडापुढे धातूची जाळी असते. पुढे शोरिंजिर्यू केन्कोकान या कराटे शैलीचे मासायुकी हिसाताका यांनी सुपरसेफ हे पारदर्शक काचेचं हेल्मेट पुढे आणलं आणि कोशिकी कराटेच्या स्पर्धा त्यावर उभ्या राहिल्या. क्योकुशिन या फुल कॉन्टॅक्ट कराटे शैलीत हातात ग्लोव्हज नसल्याने हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी आहे. त्याच क्योकुशिनमधून आलेल्या ताकाशी आझुमा यांनी १९८१ साली सेंदाईत दाइदो जुकू काढलं आणि हेल्मेट चढवून चेहऱ्यावर ठोसा मारायला मोकळीक दिली. आजचं कुडो ते हेच. त्यामुळे हेल्मेट जोडसामान समजू नका, तिथले नियमच त्याच्यावर बेतलेले आहेत.

आता माप. डोक्याचा घेर भुवयांच्या वर एक बोट अंतरावरून टेपने घ्या आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. घालून पाहताना तीन गोष्टी तपासा.

हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट तेवढं फिरलं, तर ते मोठं आहे, पट्टा आवळून ते दुरुस्त होत नाही.

मग काचेवर तळहात ठेवून जोरात दाबा. नाक किंवा ओठ आतून काचेला टेकता कामा नयेत. टेकत असतील तर हनुवटी तिच्या जागेवर बसलेली नाही, बहुतेक वेळा हेल्मेट वर चढलेलं असतं.

शेवटी पट्टा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. तोंड पूर्ण उघडल्यावर हेल्मेट खाली ओढलं गेलं पाहिजे. मुलींनी वेणी मानेशी सैल आणि खाली बांधावी. अंबाडा उंच असेल तर मागची पट्टी नीट बसत नाही आणि सगळं हेल्मेट पुढे कलंडतं.

चार हेल्मेट आठ जणांत चालतील. चारही एकाच मापाची घेऊ नका, आधी आठही डोकी मोजा. आतून पातळ सुती टोपी प्रत्येकाची स्वतःची, ती घालूनच माप घ्या. माऊथ गार्ड (दातांचं) आणि ग्रोइन गार्ड (जांघेचं) मात्र कोणाचंही कोणाला नाही.

मान_आणि_मणका:
तातामींनी मापाचं चोख सांगितलं. मी एक गोष्ट जोडते आणि ती मुलांच्या आईवडिलांनाही सांगा: हेल्मेट चेहरा वाचवतं, मेंदू नाही. नाक, दात, भुवई, डोळा यांच्यासाठी ते उत्तम. पण डोकं झटक्याने फिरलं की मेंदू कवटीच्या आत हलतोच, बाहेर काच असो वा नसो. हौशी मुष्टियुद्धात पुरुषांच्या वरच्या गटातून २०१३ साली हेडगार्ड काढले गेले तेव्हा हाच वाद होता.

कुडोच्या सरावात यातून दोन धोके येतात. एक, तोंडाला लागत नाही म्हणून मुलं डोकं वाचवणंच सोडतात, हनुवटी वर करून पुढे चालत राहतात. दुसरा, हेल्मेटचं वजन आणि वाढलेला घेर. बाजूने बसलेल्या हुकला लांब तरफ मिळते आणि मान कमी पडते. म्हणून मानेचा व्यायाम पहिल्या दिवसापासून हवा. कपाळावर, मागे आणि दोन्ही कानांच्या वर तळहात टेकवून मान न हलवता १० सेकंद जोर लावायचा, प्रत्येक बाजूला ५ वेळा, आठवड्यात तीन दिवस. डोकं जमिनीला टेकवून त्यावर भार घेत केलेली कमान (पूल) नको, या वयात त्याने फायद्यापेक्षा त्रास जास्त.

आणि थांबवायचा नियम आधीच लिहून भिंतीवर लावा. ठोशानंतर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, नजर ठरत नसणं, प्रश्नाला उशिरा उत्तर, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीचा सराव संपला. "आता बरं वाटतंय सर" हे ऐकायचं नाही. एकटं घरी पाठवू नका, त्या दिवशी दुचाकी चालवायला देऊ नका. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटके, हातापायात अशक्तपणा किंवा मानेत तीव्र वेदना असेल तर लगेच रुग्णालय. पहिले २४ ते ४८ तास आराम, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग बिनसंपर्क तंत्र, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास परत आला तर एक पायरी मागे. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा समोरासमोर नाही.

पंच_कोपरा४:
मुलं पॉइंटमधून येत आहेत म्हणून नियमांकडून सांगतो.

गट फक्त वजनावर पडत नाहीत. उंची सेंटिमीटरमध्ये अधिक वजन किलोमध्ये, ही बेरीज पाहतात. १७२ सेंमी आणि ६८ किलो म्हणजे २४०. पुरुषांचे गट २३० पासून दहा-दहाने चढतात. म्हणजे तो मुलगा २४० पर्यंतच्या गटात बसतो, आणि वजन एक किलो वाढलं की २४१, गट बदलला. नोंदणीआधी आठही जणांची उंची-वजन एकाच दिवशी घ्या आणि आयोजकांच्या पत्रकातले गट पाहून मगच अर्ज भरा.

गुण स्पर्शाला नाहीत, परिणामाला आहेत. कोका १, युको २, वाझाआरी ४, इप्पोन ८. ठोसा काचेवर टप्पकन वाजला आणि समोरचा हललाही नाही, तर काही नाही. पॉइंटचा मुलगा इथेच फसतो: ठोसा मारून मागे सरकतो, क्षणभर पंचांकडे बघतो, आणि तेवढ्यात समोरच्याने गी (अंगातला पोशाख) धरलेली असते. गीची पकड चालते, फेक चालते, जमिनीवर ३० सेकंदही मिळतात, तेही लढतीत दोनदाच. म्हणून पहिल्या आठवड्यापासून एक सवय मोडा: वार झाल्यावर थांबायचं नाही. पॅडवर तीन वार, लगेच पकड, लगेच फेकीची सुरुवात, असे सलग संच घ्या.

सहा आठवडे म्हणाल तर आठही जणांना पुरणार नाहीत. ज्यांना ज्युदो किंवा कुस्तीचा थोडा हात आहे त्या दोघा-तिघांना उतरवा, बाकीच्यांना पुढची स्पर्धा.

तातामी:
पंचांशी सहमत. सराव असा वाटून घ्या: पहिला आठवडा हेल्मेट घालून फक्त सावलीशी (समोर कोणी नसताना) आणि पॅडवर. काचेतून खालचं कमी दिसतं, त्यामुळे मांडीवरची लाथ चुकवता येत नाही, हे आधी अंगवळणी पडू दे. शिवाय आत गरम होतं आणि श्वास कोंडल्यासारखा वाटून मुलं दमतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगावर पूर्ण, डोक्यावर स्पर्शापुरतं. चौथ्या-पाचव्यात आठवड्यातून एकदाच खरी लढत, दोन-दोन मिनिटांचे दोन फेरे, बस्स. शेवटच्या आठवड्यात डोक्यावर एकही वार नाही.

हातांचं. काच कडक आहे, ग्लोव्हज पातळ, त्यामुळे इजा मारणाऱ्यालाच होते. आडवा फिरवलेला ठोसा करंगळीच्या पेरावर बसला की तिच्यामागचं तळहाताचं हाड मोडतं. पहिल्या दोन पेरांवर आणि मनगट सरळ ठेवून मारायला शिकवा. ग्लोव्हजच्या आत हाताला बांधायची पट्टी: मनगटाला तीन वेढे, पेरांवर तीन, बोटांच्या मधून, आणि शेवट पुन्हा मनगटावर. बांधल्यावर मूठ पूर्ण आवळता आली पाहिजे आणि उघडल्यावर बोटं पांढरी दिसता कामा नयेत.

डोजो_गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. मग तिघांनाच उतरवतो. वाफेचं राहिलंच. शिवाय एकाला चष्मा आहे, आणि पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये सगळ्यालाच बुरशी येते.

काच_आणि_वेल्क्रो:
चष्मा आत अजिबात नको. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स, तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि जादा जोडी कोपऱ्यात ठेवून.

वाफेसाठी आधी श्वासाची छिद्रं बघा. घामाचं मीठ आणि धूळ बसून ती बुजतात, मऊ ब्रशने मोकळी करा. मग भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब ओल्या बोटाने काचेच्या आतून पसरा आणि मऊ सुती कापडाने पुसत राहा, काच पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत. जास्त लावला तर घामाबरोबर डोळ्यात उतरतो आणि लढत थांबते. पोहण्याच्या गॉगलचा वाफरोधक फवारा असेल तर तो जास्त सोयीचा, फक्त आधी काचेच्या कोपऱ्यावर लावून बघा. नाकाने श्वास घेऊन तोंडाने खाली सोडायची सवयही लावा.

काच म्हणतो खरी, पण ती पॉलीकार्बोनेटची असते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनियाचं काच-क्लीनर यांतलं काहीही लावलं तर आत केसासारख्या बारीक रेषा पडतात. आज दिसत नाहीत, दोन महिन्यांनी ठोशाखाली तिथूनच तडकते. साधा साबण आणि कोमट पाणी एवढंच.

तडा कुठून सुरू होतो ते ओळखायला शिका: जवळजवळ नेहमी स्क्रूच्या भोकापासून. दर सरावाआधी काच खिडकीकडे धरा आणि प्रत्येक भोकाभोवती नजर फिरवा. नखाएवढीही रेष दिसली तर काच बदला, चिकटवू नका. स्क्रू ढिले असतील तर हातानेच, अडेपर्यंत फिरवा. जोर लावून आवळले की भोकाशी ताण बसतो आणि तिथेच चीर पडते.

बुरशीचं सोपं आहे, पण रोज करावं लागतं. सराव संपल्यावर आतली टोपी काढून धुवा, पॅडिंग ओल्या कापडाने पुसा, मग पंख्याखाली उलटं ठेवून पूर्ण वाळू द्या. बॅगेत बंद करायचं नाही. उन्हात तासन्‌तास ठेवलं तर पॅडिंग कडक होतं. गाडीच्या काचेमागे तर नकोच. वेल्क्रोत गीचे धागे अडकतात, जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा काढा. पकड ढिली झाली की लढतीत पट्टा मधेच सुटतो आणि पंचांना वेळ थांबवावा लागतो.

मान_आणि_मणका:
माऊथ गार्ड बसवायचा कसा ते कोणी लिहिलं नाही म्हणून. उकळून बसवायचा असेल तर पाकिटावर लिहिलेली वेळ पाळा, सहसा ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. काढून क्षणभर थंड पाण्यात बुडवा, वरच्या दातांवर बसवा, ओठ मिटून हवा ओढून घ्या आणि बोटांनी बाहेरून हिरडीवर दाबा. दात कचकचून आवळू नका, तळ पातळ होतो आणि मग तो काही वाचवत नाही. बसला की नाही ते कळायला तोंड उघडं ठेवा: जिभेने किंवा दाताने न धरता तो वर राहिला पाहिजे. ब्रेसेस असलेल्या मुलांना हा प्रकार नको, त्यांच्यासाठी दंतवैद्याकडून करून घ्या.

पंच_कोपरा४:
आणि सर, स्पर्धेच्या दिवशी साहित्य तपासणीला जाताना हेल्मेट, ग्लोव्हज, माऊथ गार्ड, ग्रोइन गार्ड, निळी आणि पांढरी अशा दोन्ही गी घेऊन जा. हेल्मेट आयोजकांचं असेल तर तुमचं तिथे चालेलच असं नाही. मुलांना त्यांचं आदल्या दिवशी, निदान सकाळी, घालून बघू द्या. लढतीच्या पाच मिनिटं आधी पहिल्यांदा चढवलेलं हेल्मेट पहिल्याच हुकला डोळ्यांवर येतं.