गाण्याचा व्हिडिओ करायचाय, सुरुवात शब्दांपासून करायची की चालीपासून?

पेठेतला_बेसिस्ट
नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा बँड आहे, पुण्यातलाच, एक मराठी गाणं रेकॉर्ड करून मिक्सिंगपण उरकलंय आणि आता व्हिडिओ करायचाय. गाणं नारायण पेठेतल्या एका वाड्यावर आहे, तो रिडेव्हलपमेंटला चाललाय आणि एकेक बिऱ्हाड हलतंय. आमचा कॅमेरावाला मित्र म्हणतो सिंहगडावर ड्रोन उडवू, संध्याकाळी नदीवरच्या झेड ब्रिजवर एक कपल घेऊ आणि मधेमधे आम्ही वाजवताना. ते मला पटत नाहीये कारण असलं काय, कुठल्याही गाण्याखाली चालेल. आणि 'जिना' शब्द आला की जिना दाखव, 'हौद' आला की हौद दाखव, हे तर शाळेतल्या तक्त्यासारखं होतं. जे खरे चांगले डिरेक्टर आहेत ते नेमके कुठून सुरू करतात? बजेट जेमतेम आहे, वाडा मात्र रिकामा व्हायच्या आत वापरायला मिळतोय.

तालवेडी
चालीपासून. माझं ठाम मत आहे. मिशेल गाँड्री हा फ्रेंच डिरेक्टर बघ. केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीच्या 'स्टार गिटार'चा २००२ चा व्हिडिओ म्हणजे फक्त ट्रेनच्या खिडकीतून दिसणारं बाहेरचं, ना बँड ना गोष्ट, पण ठेका पडला की खांब येतो, दुसरा आवाज आला की इमारत, आणि पाच मिनिटांत तुला कळतं की डोळ्यांनी गाणं ऐकतोय आपण. आधी त्याने संत्री, काटेचमचे, कॅसेटी, ग्लास असलं घरातलं सामान मांडून कुठल्या आवाजाला काय येणार ते ठरवलं होतं. म्हणजे शूटच्या आधी गाण्याचा नकाशा काढला! त्यानेच केलेला गायिका कायली मिनोगचा 'कम इनटू माय वर्ल्ड' पण बघ, ती चौकात एक फेरी मारून येते आणि परत फिरताना तिच्या सोबत दुसरी तीच असते, मग तिसरी, मग चौथी. गाणं फिरून फिरून त्याच ओळीवर येतं म्हणून चित्रपण फिरून तिथेच येतं, आणि दर फेरीला गर्दी वाढते.

आता तुमच्याकडे उलटं करा ना. कॅमेरा वाड्याच्या चौकात मधोमध ठेवायचा, एका कडव्याला एक पूर्ण गोल फिरवायचा, आणि दर फेरीला काहीतरी गेलेलं असलं पाहिजे. पहिल्यांदा वाळत घातलेले कपडे, तुळशीवृंदावन, सायकली, ओसरीवरचा झोपाळा, सगळं. शेवटच्या फेरीला नुसते कडीपाट आणि भिंतीवर कॅलेंडर होतं तिथला पांढरा चौकोन.

माडीवरचा_गणू
आयडिया भारी आहे पण मला एक भीती वाटते. असल्या व्हिडिओत बघणारा युक्ती शोधत बसतो आणि गाणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. गायिका शिनेड ओ'कॉनरचा १९९० चा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' आठवा, डिरेक्टर जॉन मेबरीने पॅरिसमध्ये तिला चालताना वगैरेपण शूट केलंय, पण लक्षात काय राहिलं तर काळ्या बॅकग्राउंडवरचा तिचा चेहरा आणि खरेखुरे आलेले अश्रू. आणि लांब कशाला जायचं, 'कागज के फूल' (१९५९) मधलं 'वक्त ने किया' बघा, गुरुदत्त आणि त्याचा कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत आरशांवरून ऊन आत घेऊन एक झोत पाडला आणि दोन माणसं उभी केली. बस्स. तो गुरुदत्त सुरुवातीला आपल्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीतच होता, जिथे आज एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तर माझं म्हणणं, तुमची गायिका त्या चौकात उभी असू दे, फेरीत दरवेळी ती लागली पाहिजे आणि दरवेळी कॅमेऱ्याच्या थोडी जवळ आलेली पाहिजे.

एडिटटेबल
वरचे दोघंही बरोबर आहेत, मी फक्त कामाचं सांगतो. गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, किती आहे? समजा १०० असेल आणि सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट केलंत तर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम्स येतात, कटिंगला सोनं आहे हे. चार-चार ठोक्यांच्या १६ बारचं कडवं म्हणजे ६४ ठोके, म्हणजे ३८.४ सेकंद, तेवढ्यात कॅमेऱ्याने एक गोल पुरा करायचा. हाताने जमेल पण ट्रायपॉडच्या खाली जमिनीवर खडूने आठ खुणा करा आणि एकाने कानात क्लिक (ठोक्यांची टिकटिक) घेऊन आकडे म्हणत राहा. कॅमेऱ्याची पाठ जिकडे असेल तिकडचं सामान मित्रांनी त्याच वेळी उचलायचं, मग कट न मारताच वस्तू गायब होतात, कुठला इफेक्ट लागत नाही.

गायिकेला स्लो मोशनमध्ये हवं असेल तर ५० फ्रेम्सवर शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट स्पीडने वाजवा, तिने तसंच भरभर ओठ हलवायचे, मग २५ वर आणलं की ओठ गाण्याला जुळतात आणि केस, पदर, धूळ सगळं सावकाश. पण गोल फेरी आणि स्लो मोशन एकाच टेकमध्ये नाही होणार, ते वेगळं घ्या. ट्यूबलाइट असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/१०० सेकंदावर ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, नाहीतर पट्टे येतील. चौकात ऊन थेट येतं ती वेळ टाळा, सावली सरकली की फेऱ्या जुळत नाहीत. आणि ड्रोनचा विचार सोडाच, लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा मॅप बघितल्याशिवाय पुण्यात ड्रोन काढायचाच नाही.

पेठेतला_बेसिस्ट
अरे काय सांगू, एकदम डोक्यात चित्र उभं राहिलं! बीपीएम ९६ आहे. वाड्यात एक आजी अजून राहतात, त्यांचं बिऱ्हाड सगळ्यात शेवटी हलणारे, त्यांना व्हिडिओत घ्यावं का?

एडिटटेबल
९६ ला २४ फ्रेम्सवर शूट करा, तिथे ठोक्याला १५ येतात. कडवं बरोबर ४० सेकंदांचं होईल.

तालवेडी
आजींना अभिनय करायला सांगू नका, त्या रोज त्या वेळी जे करत असतील तेच करू दे, फुलं निवडत असतील तर फुलं. त्यांचं सामान मात्र एका फेरीतही हलवायचं नाही, बाकी सगळं गेलं तरी त्यांचा कोपरा तसाच भरलेला दिसला पाहिजे. आणि एडिट झालं की कुणाच्याही आधी त्यांना नेऊन दाखवा, त्या नको म्हणाल्या तर तो भाग काढा, नंतर अपलोड.