स्मरणिकेत नाव नसलेल्यांची सेवा देव लक्षात ठेवतो, याला बायबलात आधार कुठे?

नगरची नात
सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीची स्मरणिका निघाली. पाळकसाहेब, पंच, देणगीदार, सगळ्यांचे फोटो आहेत. माझ्या आजीचं नाव कुठेच नाही. दर शनिवारी चर्च झाडायचं, प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड घरी नेऊन धुवायचं, बाळंतिणीकडे पेज पोचवायची. हातपाय चालले तोवर तिनं हे केलं. लिहिता येत नव्हतं, पण स्तोत्र 103 तोंडपाठ. स्मरणिका चाळून आई गप्पच बसली. तिला वाचून दाखवता येईल असं वचन सांगा.

शब्बाथशाळेचे गुरुजी
ताई, बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय काढा. पौल प्रेषितानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं हे पत्र. नुसती नावं आहेत म्हणून आपण तो भरभर उलटतो. त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस या तिघी बायबलात दुसरीकडे कुठेच येत नाहीत. त्यांनी प्रभूमध्ये श्रम केले, असं पौल लिहितो. रूफाच्या आईचं तर नावही नाही. ती मलाही आईच, असं म्हणतो. पौलाच्या सांगण्यावरून ज्यानं हे पत्र हातानं लिहिलं तो तर्तिय 22व्या वचनात सलाम सांगतो.
आणि इब्री 6:10 पाहा. तुमची सेवा विसरायला देव अन्यायी नाही, असं तिथं आहे. विसरणं म्हणजे अन्याय! आजीचं काम देवाच्या न्यायात धरलेलं आहे, ताई.

केडगावची वाचक
तर्तियावरून आठवलं. पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल आमच्या केडगावला, बाईंच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं. बाई 1922 साली गेल्या, संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणाऱ्या तिथल्याच बायका-मुली. बाईंचं नाव सगळे घेतात. त्या मुलींची नावं कोण सांगेल? देवाचं भय धरणाऱ्यांसाठी त्याच्यासमोर लिहिलेली मलाखी 3:16 मधली स्मरणवही मला त्यांच्यासाठीच वाटते.

एक पंच
सगळं खरं. पण "देव जाणतो" म्हणून मंडळीनं सुटू नये. पौलानं ती नावं देवाला कळावीत म्हणून लिहिली नव्हती, रोमच्या मंडळीनं त्या माणसांना सलाम करावा म्हणून लिहिली. पंचांना पत्र द्या, पुरवणी मागा.

नगरची नात
गुरुजी, इब्री 6:10 आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग आजीबरोबर झाडायला येणाऱ्या आणखी दोघींची नावं सांगितली. त्याही स्मरणिकेत नाहीत. तिघींचं मिळून पत्र रविवारी देते.