श्रुती प्रमाण, पण कशाबाबत?

रंकाळ्याकाठचा
वेदोक्त प्रकरण कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानावेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत होते, म्हणजे वेदाचा अधिकार नसलेल्यांसाठीचे. संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी ते लक्षात आणून दिलं आणि वाद पेटला. आपण तो मानाचा, जातीचा वाद म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण मला त्याच्या तळचा प्रश्न छळतो: वेदातून ज्ञान मिळतं म्हणजे कसलं ज्ञान?

जुन्या लोकांनी यावर फार काटेकोर विचार केलाय. खरं ज्ञान मिळवायच्या साधनाला ते प्रमाण म्हणतात, आणि कोणती प्रमाणं मानायची यावरून त्यांचे पंथ वेगळे. चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी कळलेलं, मानतात, वैशेषिक त्यात अनुमान, म्हणजे तर्क, जोडतात, नैयायिक उपमान (साम्यावरून कळणं) आणि शब्द (विश्वासार्ह वचन, त्यातच वेद) धरून चार, तर कुमारिल भट्टांना मानणारे भाट्ट मीमांसक सहा प्रमाणं. वेदाचे सर्वांत कट्टर पाठीराखे मीमांसक. तेसुद्धा म्हणतात की धर्म काय हे वेदाने सांगावं, जे डोळ्यांना दिसतं ते सांगणं त्याचं काम नव्हे. शंकराचार्यांनी गीताभाष्यात स्पष्ट लिहिलंय, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. म्हणून वेदात विमानं आणि अणू शोधणारे लोक वेदाचं नुकसान करतात, असं माझं ठाम मत आहे.

महाद्वारकर
भावा, एवढं कुंपण घातलंस तर आत उरलं काय? यज्ञाची वेदी नीट बांधायची म्हणून शुल्बसूत्रं झाली. आयताच्या कर्णावरचा चौरस दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका, हे बौधायनाने सांगून ठेवलंय. ते व्यवहाराचं ज्ञान नव्हे काय? आणि कार्य-अकार्य ठरवताना शास्त्र हेच तुझं प्रमाण, असं गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंत सांगतात.

रंकाळ्याकाठचा
गीतेचा श्लोक माझ्याच बाजूचा आहे, तो काय करावं याबद्दल बोलतो. शुल्बसूत्रं वेदांगात, म्हणजे वेदाला पूरक शास्त्रांत येतात, श्रुतीत नाही. आणि तो नियम दोरी लावून कुणीही तपासावा, म्हणून खरा. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव बघ. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात, ती बांधणाऱ्यांनी सूर्य न्याहाळला, दिशा मोजल्या म्हणून. देवीवरची श्रद्धा त्याने तसूभरही कमी होत नाही.

बावड्याची लेक
दादा, तुम्ही दोघंही एक गोष्ट वगळून बोलताय. धर्म फक्त वेदातूनच कळतो, आणि बहुतेक माणसांना तो ऐकायचीसुद्धा बंदी. मग हा ज्ञानाचा स्रोत कुणासाठी? अग्नीबद्दलचे शंकराचार्य सांगितलेत, तर ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही म्हणणारे शंकराचार्यही सांगा. डोळे सगळ्यांना आहेत, तर्क कुणालाही करता येतो. पहारा बसला तो एकट्या शब्दावर. ज्ञानेश्वर माउलींनी वेदाला कृपण म्हटलं ते याचसाठी, तो तीनच वर्णांच्या कानाला लागला.

रंकाळ्याकाठचा
ताई, बंदीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्याच भाष्यात शूद्र मानल्या गेलेल्या विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाल्याचं मान्य केलंय, इतिहास-पुराणं चारी वर्णांना ऐकवावीत असंही म्हटलंय. मोक्षाचं दार बंद नव्हतं.

बावड्याची लेक
तुम्हाला पुराणं आहेत की, वेद कशाला हवा? हेच तर महाराजांना घाटावर ऐकवलं गेलं! छत्रपतींना जे पटलं नाही ते मला का पटावं? मूळ ग्रंथ एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडून ऐकून विश्वास ठेवायचा, तर दुसऱ्याला मिळते ती आज्ञा. त्याला ज्ञान कसं म्हणू?

महाद्वारकर
ताई, हा मुद्दा मला मान्य आहे. पण महाराजांनी वेद टाकला नाही हेही बघा. १९०२ मध्ये राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, वतन जप्त केलं, आर्य समाजाला जवळ केलं, १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचं, पीठ स्थापून सदाशिवराव बेनाडीकरांना बसवलं, मराठा मुलांना पौरोहित्य शिकवायला शाळा काढली. श्रुतीत काही नसतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

गंगावेस तालीम
पीठ काढलं त्याला सत्यशोधकांतल्या बऱ्याच जणांचा विरोध होता, ते पण सांगा की. ब्राह्मण भट जाऊन मराठा भट आला तर आमच्या पदरात काय पडलं, असं म्हणणारे लोक होते.

बावड्याची लेक
बरोबर. आणि १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला तोही महाराजांच्याच पाठबळाने. महाद्वारकर दादा, आता तुम्ही सांगा, त्या शाळेत मुलींना वेद शिकवला होता का?