पहिला मराठी सिनेमा थिएटरात लावायचा हट्ट सोडा

तिसरी_घंटा
काडी टाकतोय, मान्य. पण लाइन प्रोड्यूसर (शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणारा) म्हणून ज्या छोट्या मराठी सिनेमांचे हिशेब माझ्या टेबलावरून गेले, त्यातले बहुतेक शूटिंगमध्ये तरले आणि शुक्रवारी बुडाले.

गणित मांडतो. तिकीट १५० रुपयांचं धरा. १८ टक्के जीएसटी गेला की १२७ उरले. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण मिटलं, तेव्हा निर्मात्याचा वाटा ठरला तो पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३०. आपला छोटा सिनेमा दुसरा आठवडा बघतो कुठे? म्हणून ५० धरू. म्हणजे ६३ रुपये. वितरकाचं कमिशन कापून हातात पंचावन्नच्या आसपास. आता पोस्टर, ट्रेलर, मोबाईलवरच्या जाहिराती, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), पडद्यागणिक लागणारी व्हीपीएफ (डिजिटल प्रोजेक्शनची फी) हे सगळं अगदी चिक्कूपणा करून ३० लाखांत बसवलं, तरी तेवढेच परत यायला साधारण ५५ हजार माणसं थिएटरात यायला हवीत. सिनेमा बनवायला लागलेला एक रुपयाही यात धरलेला नाही.

ओळखीचा चेहरा नाही, दिग्दर्शक नवा, शो मंगळवारी सकाळी सव्वाअकराचा. ५५ हजार माणसं आणणार कुठून?

म्हणून माझं म्हणणं: पहिला सिनेमा फिल्म बाजारला (गोव्यात इफ्फी महोत्सवासोबत भरणारा सिनेमांचा बाजार) न्या, महोत्सवांना पाठवा, मग फिल्म सोसायट्या, कॉलेजं, परदेशातली मंडळं असा फिरवा. ओटीटीवाल्याने घेतला तर उत्तम. थिएटरात तेव्हाच लावा जेव्हा प्रदर्शनाचा खर्च दुसरा कुणीतरी करतोय. आणि निर्माता म्हणजे तुमचे वडील किंवा सासरे असतील, तर दोनदा विचार करा. त्यांनी दोन गुंठे विकून दिलेले पैसे भिंतीवर खळीने चिकटवू नका.

रीळवाला_काका
तुमचं गणित बरोबर आहे, पण उदाहरणच चुकीचं घेतलंय. ३० लाख खर्च करून दीडशे पडद्यांवर सिनेमा लावा असं सांगितलं कुणी? नव्या पोरांना हौस असते, पेपरात थिएटरांची यादी लांबलचक दिसली पाहिजे. बारा पडदे घ्या. ज्या जिल्ह्यात शूटिंग केलं तिथले चार, पुण्यातले चार, मुंबई-ठाण्यातले चार. फक्त संध्याकाळचा शो. खर्च पाच-सात लाखांत बसतो. शो भरले तर पुढच्या आठवड्यात वाढवा, नाही भरले तर झाकली मूठ.

दुसरं, ओटीटीवाले हल्ली पहिला प्रश्न विचारतात: थिएटरात किती केलं? लॉकडाऊनमध्ये घरबसल्या सिनेमे विकले गेले, ते दिवस गेले. थिएटर टाळून तुम्ही ओटीटीचं दारही बंद करताय.

आणि संध्याकाळचा शो मिळेल का, असं विचाराल म्हणून आधीच सांगतो. मराठीला प्राइम टाइम द्या असा सरकारी हुकूम २०१५ साली निघाला, बोंबाबोंब झाली, आणि दुपारी १२ ते रात्री ९ एवढा सगळा प्राइम टाइम ठरला. तेव्हा भर दुपारचा बाराचा शो देऊन मॅनेजर म्हणू शकतो, दिला की प्राइम टाइम! सरकारच्या भरवशावर राहू नका. मॅनेजरशी ओळख ठेवा.

रफ_कट
काकांचं थोडं पटलं. मूळ लेखाचं अर्धंच. थिएटर सोडा म्हणता आणि त्या जागी महोत्सवाची लॉटरी देता?

मी संकलन करते. माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा दिग्दर्शक ट्रेलरच्या सुरुवातीला पानांच्या महिरपीत आठ महोत्सवांची नावं टाका म्हणतो. त्यातले सहा कुणाच्या तरी लॅपटॉपवर भरतात. फी भरली की पुरस्कार, वर ट्रॉफी हवी असेल तर कुरिअरचे वेगळे पैसे. यात फक्त पैसे जात नाहीत. मोठ्या महोत्सवांना जागतिक किंवा निदान आंतरराष्ट्रीय प्रीमियर लागतो. असल्या फुटकळ ठिकाणी सिनेमा दाखवला की तो हक्क तिथेच जळतो. मग बर्लिनचा फॉर्म भरताना 'याआधी कुठे दाखवलाय?' या रकान्यापाशी हात थांबतो.

'साबर बोंडं'चं उदाहरण सगळे देतात म्हणून तेच घेते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात सर्वोच्च पुरस्कार. दिग्दर्शक रोहन कानवडे कुठल्या फिल्म स्कूलमधून आलेले नाहीत, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलंही होईल. पण त्याआधीच्या शॉर्ट फिल्म्स आणि पटकथेवर घालवलेली वर्षं कुणी मोजत नाही. आणि एवढा पुरस्कार मिळाल्यावरही भारतात थिएटरांत यायला सप्टेंबर उजाडला, तेही राणा दग्गुबातींच्या स्पिरिट मीडियाने हात दिला तेव्हा. 'स्थळ' टोरंटो महोत्सवात नेटपॅक (आशियाई सिनेमासाठीचा) पुरस्कार घेतो सप्टेंबर २०२३ ला, आपल्याकडे लागतो मार्च २०२५ ला. दीड वर्ष. ज्याने व्याजाने पैसे आणलेत त्याने हे दीड वर्ष कसं काढायचं, ते तिसरी_घंटा यांनी सांगावं.

तिसरी_घंटा
@रफ_कट, व्याजाने पैसे आणून पहिला सिनेमा करूच नये, हे माझं उत्तर. रागावू नका. बाकी प्रीमियरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायला हवा होता.

पण एक सांगा, दोन्ही सिनेमांना थिएटरात लावणारं कुणीतरी मिळालं ते कशामुळे? 'स्थळ'च्या मागे सचिन पिळगावकर प्रस्तुतकर्ते म्हणून उभे राहिले ते सिनेमा टोरंटोला गाजल्यावर. म्हणजे क्रम मी म्हणतोय तोच झाला ना? आधी महोत्सव, मग दुसऱ्याच्या खांद्यावर थिएटर.

रीळवाला_काका
दोन सिनेमांवरून नियम काढताय. टोरंटोला न गेलेल्या बाकीच्यांनी काय भजन करायचं?

माणदेशी_बाज
तुमच्या चर्चेत पुणे-मुंबई-टोरंटो एवढंच दिसतंय. साताऱ्याकडची पोरं गावातच 'गावाकडच्या गोष्टी' ही यूट्यूब मालिका करायला लागली, बारामतीकडून 'चांडाळ चौकडीच्या करामती' आली. कलाकार गावचेच, घरं गावचीच, आणि बघणारी माणसं लाखांनी. ना सेन्सॉर, ना व्हीपीएफ, ना मॅनेजरची ओळख. आमच्याकडे एसटी स्टँडवर त्यांच्यातल्या कलाकाराला जेवढी गर्दी होते, तेवढी पुरस्कारवाल्या सिनेमाच्या हिरोला होत नाही. याला स्वतंत्र सिनेमा म्हणायचं नाही का? पहिला सिनेमा यूट्यूबवर टाका, प्रेक्षक स्वतःचा करा, मग दुसऱ्याचं बघू.

रफ_कट
@माणदेशी_बाज, आदर आहे, पण ती मालिका आहे. दर आठवड्याला नवा भाग येतो म्हणून माणसं सवयीने येतात. दोन तासांचा एकच सिनेमा टाकून चॅनल गप्प बसलं की तो तळाला जातो. शिवाय एकदा यूट्यूबवर फुकट गेला की महोत्सव बंद, ओटीटी बंद, टीव्हीचे हक्कही जवळपास शून्य. हा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

माणदेशी_बाज
शेवटी म्हणजे हार्डडिस्क खराब झाल्यावर का?

कट_चहा
😂 धागा वसूल.

वहीखाते
निर्मिती बाजूला काम करते. दोन गोष्टी राहिल्यात.

एक, अनुदान. राज्य सरकारच्या योजनेत परीक्षण समिती गुण देते आणि त्यावर दर्जा ठरतो. अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. नवीन निर्माते बजेटच्या पहिल्याच पानावर ते 'येणे' म्हणून लिहितात. अहो, ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने बघितल्यावर. तोवर लाइटवाल्याला काय द्यायचं? आणि दर्जा मिळालाच नाही तर? अनुदान आलं तर पुढच्या सिनेमाला, असं धरून चाला.

दोन, कागद. सिनेमा विकायची वेळ आली की समोरचा आधी कागद मागतो, सिनेमा नंतर बघतो. कथा कुणाची, ती लेखी दिलीय का, संगीतकाराशी करार, प्रत्येक कलाकाराची सही, ज्या वाड्यात शूट केलं त्या मालकाची नाहरकत. मित्रामित्रांत केलेला सिनेमा इथे हमखास अडकतो, कारण तेव्हा कागद मागायला लाज वाटते आणि नंतर मित्र फोन उचलत नाही. गावात शूट करणाऱ्यांसाठी आणखी एक: फ्रेममध्ये बैल, कुत्रं, कोंबडी काम करणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची. नंतर धावपळ केली की सेन्सॉरच्या दारात सिनेमा बसून राहतो, आणि प्रदर्शनाची तारीख आधीच जाहीर केलेली असते.

डोंबिवली_ते_डॅलस
मंडळांचा उल्लेख आला म्हणून. आम्ही इथे दाखवतो मराठी सिनेमे, पण गोड गैरसमज नको. रविवारी दुपारी हॉल मिळतो, सोबत बटाटेवडा असतो, आणि समितीतल्या काकू आधी विचारतात, "रडका नाहीये ना?" कलाकार सोबत येणार असेल तर तिकिटं संपतात. महोत्सवातला संथ सिनेमा आणला तर मध्यंतरानंतर निम्मे लोक पार्किंगमध्ये गप्पा मारत असतात. पैसे मिळतात, नाही असं नाही. पण त्याला वितरण म्हणू नका.

कृष्णाकाठ
आमच्या सांगलीकडे फिल्म सोसायटीचं काम बघतो. तिसरी_घंटा साहेब, "सोसायट्या, कॉलेजं असा फिरवा" हे लिहायला सोपं आहे. तिकीट लावून जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच, म्हणजे तो खर्च सुटत नाही. कॉलेजात गेलात तर प्राचार्य शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात आणि सिनेमा फुकट मागतात. जाण्यायेण्याचं डिझेल दिग्दर्शकाच्या खिशातून.

तरीही मी तुमच्याच बाजूने आहे, कारण वेगळं आहे. आमच्याकडे दीडशे माणसं सिनेमा बघतात आणि पाऊण तास दिग्दर्शकाला धारेवर धरतात. दुसरा सिनेमा लिहिताना ते कामाला येतं. मल्टिप्लेक्सच्या शोमध्ये सात माणसं, त्यातली दोन एसीसाठी आलेली, तिथे दिग्दर्शक काय शिकणार?

फक्त मानधन आधी ठरवा. पाच हजार म्हणा, पण म्हणा. फुकटाची सवय आम्हीच लावून ठेवलीय.

रीळवाला_काका
बघा, हेच मी बारा पडद्यांबद्दल म्हणतोय! तुमच्या दीडशे माणसांना तिथल्याच थिएटरात आणा ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय. छोट्या गावात शंभराचं तिकीट लावलं तर कर पाचच्या आत, आणि घरटी चार माणसं येतात. १५०च्या तिकिटावर सरकार जवळपास २३ रुपये नेतं.

तिसरी_घंटा
काका, शंभराच्या तिकिटात निर्मात्याच्या हातात एक्केचाळीस-बेचाळीस पडतात. माणसं आणखी जास्त लागणार.

रीळवाला_काका
पण तुमच्या ३० लाखांसाठी नाही, माझ्या सहा लाखांसाठी लागणार. साडेचौदा हजार. एका जिल्ह्यातून येतात तेवढी, सिनेमा त्यांच्या बोलीत असेल तर. तुम्ही खर्च तुमचा धरता आणि पडदे माझे.

मांडवीवरून
पणजीहून. फिल्म बाजारला येणाऱ्यांसाठी चार शब्द (नाव आता वेव्हज फिल्म बाजार झालंय, नोव्हेंबरात इफ्फीच्या सोबतच असतो). सिनेमा पूर्ण करून, रंग-ध्वनी सगळं चकाचक करून येऊ नका. वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला (अर्धवट सिनेमांची कार्यशाळा) रफ कटच, म्हणजे कच्चं संकलनच हवं असतं, तिथे बाहेरचे संकलक आणि महोत्सवांचे निवडकर्ते बसून तो फाडतात. पैसे संपण्याआधी फाडून घेतलेलं परवडतं. आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन सगळ्यांच्या मागे पळू नका. कोण कसले सिनेमे घेतो ते घरूनच बघून या, पाच माणसं ठरवा. दरवर्षी मराठी पोरांचा घोळका एकत्र येतो, एकत्र जेवतो आणि आपापसातच पिच करून परत जातो. मजा येते, बाकी काही होत नाही.

लातूरचा_पोरगा
सगळं वाचलं. डोकं भणभणलं. माझ्याकडे १८ लाख आहेत, त्यातले ६ मित्रांचे. पटकथा तयार आहे, जानेवारीत शूटिंग, पात्रं पाच, सगळे नवीन. आत्ता या आठवड्यात पहिलं काम काय करू? भांडू नका, एकच सांगा.

तिसरी_घंटा
१८ मधले ५ आत्ताच बाजूला काढ. वेगळ्या खात्यात. शूटिंग १३ लाखांचंच आहे असं समज.

वहीखाते
मित्रांच्या ६ लाखांचा कागद कर. भागीदारी की उसने? आजच ठरव.

रीळवाला_काका
तुझ्या तालुक्यातल्या थिएटरमालकाला जाऊन भेट. शूटिंग बघायला बोलाव. त्याला आपला वाटला की शो मिळतो.

माणदेशी_बाज
आजपासून तयारीचे व्हिडिओ टाकायला लाग. जानेवारीपर्यंत माणसं जमतील.

रफ_कट
चौघांचंही नंतर. आधी चांगला साउंड रेकॉर्डिस्ट पक्का कर आणि कॅमेऱ्याचं भाडं त्यासाठी कमी करावं लागलं तर कर. नवीन कलाकारांना डबिंग जमत नाही, मूळ बोलीतला आवाज गेला की तो परत येत नाही. अशा दोन सिनेमांवर सध्या माझ्याकडे काम चालू आहे आणि एकाचाही संवाद धड ऐकू येत नाही.

रीळवाला_काका
हे खरं आहे. पण थिएटरमालकालाही भेट.